धुलाईयंत्राची पिळणी का थांबते? : कारणमीमांसा आणि निदानपद्धती

१. विषयप्रवेश

यंत्रशास्त्राच्या अध्यापनात दोषनिदानास जितके स्थान मिळावयास हवे तितके मिळत नाही. यंत्र कसे चालते हे आपण वर्गात सविस्तर शिकवतो; ते चालेनासे झाले असता विचार कोणत्या क्रमाने करावा, हे मात्र विद्यार्थ्याने पुढे अनुभवाने शिकावे असे गृहीत धरतो. वास्तविक निदान हा अनुमानाचाच एक प्रकार आहे, आणि त्याचे नियम प्रयोगशाळेत जितके लागू पडतात तितकेच घराच्या मोरीतही लागू पडतात. प्रस्तुत लेखात या नियमांचे विवेचन एका नित्य परिचयाच्या यंत्राच्या आधारे करण्याचे योजिले आहे. ते यंत्र म्हणजे कपडे धुण्याचे विद्युत् यंत्र, आणि दोष म्हणजे त्याची पिळणी, व्यवहारात जिला ‘स्पिन’ किंवा ‘ड्रायर’ म्हणतात ती क्रिया, बंद पडणे.

उदाहरण क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु तसे ते नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने न पिळलेला कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. अल्प किमतीचा एखादा भाग निकामी झाला असता सबंध यंत्र मोडीत काढले जाते, हे आपण सर्वत्र पाहतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, पिळणी चालू करण्याच्या घाईत यंत्राची संरक्षक कळ निकामी करून ठेवण्याचा एक अनिष्ट प्रघात दुरुस्तीच्या व्यवहारात आढळतो, आणि त्याची किंमत पैशात मोजता येत नाही. चुकीच्या निदानाचे हे तीन परिणाम लक्षात घेता विषयाचा विचार काटेकोरपणे करणे अगत्याचे आहे.

२. पिळणीचे भौतिक स्वरूप

दोष समजण्यापूर्वी क्रिया समजली पाहिजे. ओल्या कापडातील पाणी दोन प्रकारांनी राहते. काही पाणी धाग्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत असते. उरलेले पाणी तंतूंच्या सूक्ष्म पोकळ्यांत केशाकर्षणाने धरून ठेवलेले असते. छिद्रे असलेले पिंप वेगाने फिरू लागले की, पिंपाबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने पाण्यावर केंद्रोत्सारी प्रेरणा कार्य करते. ती केशाकर्षणाहून प्रबळ झाली म्हणजे पाणी छिद्रांतून बाहेर पडते. कोनीय वेगाचा वर्ग व पिंपाची त्रिज्या यांचा गुणाकार म्हणजे या क्रियेतील प्रवेग. त्यास गुरुत्वीय प्रवेगाने भागले असता जी संख्या मिळते तिला आपण गुरुत्वपट म्हणू. पिळणीचे खरे माप ही संख्या होय. मिनिटाला होणारे फेरे नव्हेत.

हा भेद महत्त्वाचा आहे. समोरून कपडे घालावयाच्या यंत्रात पिंपाची त्रिज्या २४ सेंटिमीटर व गती मिनिटाला १,२०० फेरे धरल्यास गुरुत्वपट सुमारे ३८६ येतो. वरून कपडे घालावयाच्या स्वयंचलित यंत्रात २२ सेंटिमीटर त्रिज्या व ७०० फेरे धरल्यास तो सुमारे १२० भरतो. आपल्याकडे विपुल प्रमाणात आढळणाऱ्या दोन टबांच्या अर्धस्वयंचलित यंत्रात पिळणीचे पिंप लहान, सुमारे १२ सेंटिमीटर त्रिज्येचे असते. परंतु त्याची गती मिनिटाला १,३०० फेऱ्यांच्या आसपास असल्यामुळे गुरुत्वपट सुमारे २२७ निघतो. स्वस्त यंत्रातील कपडे महाग यंत्रातील कपड्यांपेक्षा अधिक कोरडे निघतात, या गृहिणींच्या अनुभवाचे स्पष्टीकरण या आकड्यांत सापडते.

पिळणीचे महत्त्व ऊर्जेच्या हिशेबावरूनही ध्यानात येईल. वर उल्लेखिलेल्या १,२०० फेऱ्यांच्या पिंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर असतो. म्हणजे एक किलोग्रॅम पाण्याबरोबर सुमारे ४५० जूल गतिज ऊर्जा जाते. तेच पाणी साधारण तापमानास वाफ करून घालवावयाचे, तर सुप्त उष्णतेपोटी सुमारे २४ लाख जूल खर्ची पडतात. घर्षण व मोटरीतील व्यय मिळवूनही हे अंतर प्रचंडच राहते. तथापि केशाकर्षणाने धरलेले सर्व पाणी पिळणीने कधीच निघत नाही. चांगल्या पिळणीनंतरही सुती कपड्यात त्याच्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी उरते. सबब ‘कपडे ओले राहतात’ ही तक्रार आणि ‘पिंप फिरत नाही’ ही तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी होत. निदानाचा आरंभ हा भेद करण्यापासून झाला पाहिजे.

३. नकार आणि असमर्थता

पिंप फिरत नाही या एकाच लक्षणामागे दोन भिन्न जातींची कारणे असू शकतात. पहिल्या जातीत यंत्र सुस्थितीत असते, परंतु फिरण्यासाठी आवश्यक अशी एखादी अट पुरी झालेली नसल्यामुळे ते फिरण्याचे नाकारते. दुसऱ्या जातीत सर्व अटी पुऱ्या असतात, यंत्र फिरू पाहते, परंतु त्याला फिरता येत नाही. पहिल्यास आपण नकार म्हणू व दुसऱ्यास असमर्थता.

हे वर्गीकरण केवळ सोयीचे नाही. त्याची कसोटी प्रत्यक्ष लक्षणांत मिळते. नकाराच्या वेळी मोटरीस विद्युत् प्रवाह पोचतच नाही. यंत्र निःशब्द राहते, किंवा हळूहळू कपडे उलटसुलट करून पुन्हा थांबते, अथवा फलकावर दोषाचा संकेत दाखविते. असमर्थतेच्या वेळी बहुधा मोटरीचा गुणगुण असा ध्वनी येतो, पट्टा घसरल्याचा आवाज किंवा रबर जळल्याचा वास येतो, अथवा पिंप मंद गतीने फिरून तेथेच अडते. अपवाद अर्थातच आहेत. मोटरीची गुंडाळी तुटली असता असमर्थताही निःशब्द असते. परंतु पहिली विभागणी करण्यास ही कसोटी पुरेशी आहे. ती वापरण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. केवळ एक मिनिट लक्षपूर्वक ऐकावे लागते.

४. नकाराची कारणे

(अ) पाणी शिल्लक असणे. स्वयंचलित यंत्रात पाण्याचा निचरा झाल्याशिवाय पिळणी सुरू होत नाही. बाहेरच्या टबात पाणी असताना पिंप वेगाने फिरविल्यास पाण्याचा रोध मोटरीवर पडतो. म्हणून ही अट घातलेली असते. ती मोडण्याचे सर्वांत सामान्य कारण निचऱ्याच्या मार्गातील अडथळा हे होय. समोरून कपडे घालावयाच्या यंत्रात खालच्या बाजूस जाळीचा फिल्टर असतो. त्यात नाणी, गुंड्या, केसांच्या पिना व धाग्यांचा लगदा साचतो, आणि निचऱ्याच्या पंपाची पंखी अडते. बाहेरची नळी मुडपली जाणे किंवा फार उंच टांगली जाणे, हेही कारण संभवते.

परंतु एक कारण याहून सूक्ष्म आहे. यंत्राला पाणी दिसत नसते. त्याला केवळ दाब समजतो. टबाच्या तळाशी जोडलेल्या बारीक नळीत हवा कोंडलेली असते. टबात १० सेंटिमीटर पाणी चढले की त्या हवेवर सुमारे १,००० पास्कल इतका अल्प दाब पडतो, आणि त्यायोगे दाबकळ कार्यान्वित होते. साबणाचा गाळ किंवा जड पाण्यातील क्षार या नळीच्या मुखाशी साचले, तर टब रिकामा झाल्यावरही हवा कोंडलेलीच राहते. टब कोरडा असूनही यंत्राच्या समजुतीप्रमाणे तो भरलेला असतो. अशा वेळी पंप बदलून काहीही साधत नाही. संवेदक जे सांगतो ते आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडू शकते, हा मापनशास्त्रातील मूलभूत धडा येथे प्रत्ययास येतो.

साबणचूर्ण प्रमाणाबाहेर वापरल्यास होणारा फेस हेही याच वर्गातील कारण आहे. पिंप व टब यांमधील फटीत फेस दाटला की तो पिंपाला रोधतो व दाबकळीलाही फसवितो. त्यावर उपाय म्हणजे एकदा साध्या पाण्याने विसळून पुन्हा पिळणी लावणे.

(आ) झाकण किंवा दार. दार पक्के बंद झाल्याची विद्युत् खूण मिळाल्याखेरीज पिळणी सुरू होत नाही. समोरच्या दाराच्या कुलपात पुष्कळदा तापून वाकणारी द्विधातुपट्टी असते; त्यामुळे कुलूप लागण्यास काही सेकंद व उघडण्यास एखाद-दोन मिनिटे लागतात. हा विलंब दोष नव्हे. वरच्या झाकणाच्या यंत्रात झाकणावरील दांडी एक कळ दाबते. ती दांडी झिजली किंवा मोडली की झाकण लावलेले असूनही यंत्रास ते उघडेच वाटते. कळ बदलणे हा स्वल्प खर्चाचा उपाय आहे.

(इ) भाराचा असमतोल. हे कारण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करू.

समजा, पिंपात अर्धा किलोग्रॅम वस्तुमान एका बाजूस अधिक झाले. २४ सेंटिमीटर त्रिज्या व १,२०० फेरे असता त्यावरील प्रेरणा सुमारे १,९०० न्यूटन होते. सुमारे ६५ किलोग्रॅम वजनाच्या यंत्रावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट प्रेरणा सेकंदाला वीस वेळा दिशा बदलीत राहिली, तर यंत्र जागेवर टिकणार नाही, हे उघड आहे. अमेरिकेत १९३७ साली आलेले बेंडिक्स हे स्वयंचलित यंत्र जमिनीला बोल्टांनी जखडावे लागे, ते याच कारणाने. पुढे टब स्प्रिंगांवर टांगण्याची योजना आली व प्रश्नाचे स्वरूप पालटले.

स्प्रिंगांवर टांगलेल्या टबाला स्वतःची अशी स्वाभाविक कंप्रता असते; ती साधारणतः मिनिटाला १५० ते ३०० फेऱ्यांच्या पट्ट्यात पडते. पिंपाची गती या पट्ट्यातून जात असता अनुस्पंदन घडते व टब जोराने हेलकावतो. गती त्याहून पुष्कळ वाढली म्हणजे मात्र कंपनाची कला उलटते. फिरणारी प्रणाली आपल्या गुरुत्वमध्याभोवती स्थिरावू लागते. या अवस्थेत कंपनाचा विस्तार गतीवर अवलंबून राहत नाही. तो केवळ असमतोल व एकूण वस्तुमान यांच्या प्रमाणावर ठरतो. वरील उदाहरणात टांगलेल्या भागाचे वस्तुमान ५० किलोग्रॅम धरल्यास हा विस्तार सुमारे २.४ मिलिमीटर येतो, आणि तो सहज सोसण्याजोगा आहे. संकट आहे ते सर्वोच्च गतीत नसून तेथवर पोचण्याच्या वाटेवर आहे.

या सिद्धांताचा इतिहास लक्षणीय आहे. दंडाची गती क्रांतिक मर्यादेपलीकडे नेणे अशक्य आहे, असा निष्कर्ष रँकिन यांनी १८६९ साली काढला होता. स्वीडनमधील द लाव्हाल यांनी आपल्या वाफेच्या टर्बाइनला लवचीक दंड बसवून ती मर्यादा १८८९ च्या सुमारास प्रत्यक्षात ओलांडून दाखविली, आणि जेफकॉट यांनी १९१९ साली तिचे समाधानकारक गणिती विवेचन केले. घरातील धुलाईयंत्र दर पिळणीत हीच मर्यादा ओलांडीत असते.

ती ओलांडण्यापूर्वी यंत्र परीक्षा घेते. पिंपाच्या भिंतीस कपडे चिकटून राहण्यासाठी गुरुत्वपट एकाहून अधिक हवा. २४ सेंटिमीटर त्रिज्येस त्यासाठी मिनिटाला ६१ फेरे पुरतात. यंत्र प्रथम याहून किंचित अधिक, म्हणजे ८० ते १०० फेऱ्यांच्या गतीने कपडे पसरविते आणि गतीतील चढउतार मोजते. जड बाजू वर चढताना गती मंदावते, खाली येताना वाढते. या चढउतारावरून असमतोलाचे प्रमाण कळते. ते मर्यादेबाहेर असेल तर यंत्र थांबते, कपडे पुन्हा उलटेपालटे करते व पुन्हा प्रयत्न करते. काही प्रयत्नांनंतर ते पिळणी सोडून देते किंवा मंद गतीवर समाधान मानते.

म्हणूनच एकटी सोलापुरी चादर, एकटी गोधडी किंवा एकटे पायपुसणे टाकले असता पिळणी होत नाही; पिंप भरलेले असताना मात्र होते. चादरीसोबत दोन-चार टॉवेल घालून भार वाटून दिला की ‘नादुरुस्त’ यंत्र चालू लागते. वरून कपडे घालावयाच्या यंत्रांत पिंपाच्या काठाशी क्षारजलाने अर्धवट भरलेले पोकळ कडे असते. क्रांतिक गतीपलीकडे त्यातील द्रव आपोआप हलक्या बाजूस जाऊन समतोल साधतो. पण त्या गतीच्या अलीकडे तो जड बाजूसच जातो. सबब हे कडे असूनही आरंभीचा असमतोल हाताने दूर करावाच लागतो. यंत्राचे पाय समपातळीत नसणे हेही नकाराचे कारण होऊ शकते. नवे यंत्र आणल्यावर वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढावयाचे राहिले, तर टब टांगलेला असूनही जखडलेलाच राहतो व यंत्र भयंकर हादरते.

५. असमर्थतेची कारणे

(अ) धारित्र. अर्धस्वयंचलित यंत्रातील पिळणीची मोटर एककला प्रत्यावर्ती प्रवाहावर चालते. एकाच गुंडाळीतून जाणारा प्रत्यावर्ती प्रवाह फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करीत नाही. तो केवळ स्पंदणारे क्षेत्र निर्माण करतो. असे क्षेत्र परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांचे मिश्रण मानता येते, व स्थिर अवस्थेत त्या दोहोंची परिबले एकमेकांस छेदून टाकतात. म्हणून दुसरी गुंडाळी व तिच्या मार्गात धारित्र, म्हणजे बाजारातील कपॅसिटर, योजून कलाभेद उत्पन्न करावा लागतो. धारित्र निकामी झाले की मोटर गुणगुणते, तापते, परंतु फिरत नाही. धारित्र अंशतः क्षीण झाले असेल तर रिकामे पिंप फिरते आणि भरलेले फिरत नाही. हे लक्षण पुष्कळांस बुचकळ्यात टाकते. बहुमापकाने धारकता मोजून ती वेष्टनावर छापलेल्या मूल्याशी ताडून पाहिली म्हणजे शंका उरत नाही.

(आ) रोधक. याच यंत्रात झाकण उघडताच तारेच्या साहाय्याने रोधक, म्हणजे ब्रेक, पिंपाच्या दंडावरील चकतीला लागतो. तार सैल झाली, ताणली गेली किंवा गंजून अडकली की झाकण लावल्यावरही रोधक सुटत नाही. लक्षण तेच : मोटर गुणगुणते व पिंप फिरत नाही. धारित्र आणि रोधक यांतील भेद करण्यासाठी वीज तोडून पिंप हाताने फिरवून पाहावे, असा सल्ला नेहमी दिला जातो. परंतु त्यात एक तर्कदोष आहे. पिंपात हात घालण्यासाठी झाकण उघडावे लागते, आणि झाकण उघडताच सुस्थितीतील रोधकही लागतो. म्हणजे पिंप घट्ट लागणे हे तेथे निरोगीपणाचेच लक्षण आहे. खरी परीक्षा करावयाची तर प्लग काढून, मागील पत्रा उघडून, झाकण बंद ठेवूनच खालील चकती फिरवून पाहिली पाहिजे. ती मोकळी फिरली तर संशय धारित्रावर अगर गुंडाळीवर जातो. अडली तर रोधकावर, बेअरिंगवर किंवा पिंप व टब यांच्या फटीत अडकलेल्या एखाद्या रुमालावर. परीक्षा करण्याच्या कृतीनेच परीक्षेची वस्तू बदलत नाही ना, हे पाहणे किती आवश्यक आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

(इ) गतीचे संक्रमण. पट्ट्याने चालणाऱ्या यंत्रात पट्टा सैल झाला की धुणे जमते, परंतु पिळणीच्या वेळी तो घसरतो. कारण त्या वेळी मोठा भार गतिमान करण्यास अधिक परिबल लागते. वरून कपडे घालावयाच्या कित्येक स्वयंचलित यंत्रांत एकच छोटी साहाय्यक मोटर निचऱ्याची झडप उघडते व त्याच ओढीने क्लच बदलून गती तळच्या पंख्याकडून पिंपाकडे वळविते. येथे पाणी न जाणे व पिंप न फिरणे ही दोन लक्षणे एकदम दिसली, तर दोन दोष शोधत न बसता या एका भागाकडेच प्रथम पाहावे. जुन्या धर्तीच्या समोरच्या दाराच्या यंत्रांत कार्बन ब्रश झिजल्यामुळे मोटर थांबते. अलीकडील ब्रशविरहित मोटरींत हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे चुंबकाची स्थिती कळविणारा संवेदक किंवा नियंत्रक मंडल तपासावे लागते.

(ई) बेअरिंग. पिळणीच्या वेळी जात्यासारखी घरघर ऐकू येत असेल, तर पाणी अडविणारे रबरी सील फुटून बेअरिंग गंजले आहे असे समजावे. हा दोष अकस्मात येत नाही. पुष्कळ दिवस आधीपासून तो आवाजाने सूचना देत असतो.

(उ) विजेचा दाब. या कारणाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. वास्तविक तो आरंभी व्हावा. प्रवर्तन मोटरीचे परिबल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० व्होल्टऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर परिबल सुमारे ५५ टक्केच उरते. ग्रामीण भागात संध्याकाळी दाब उतरतो तेव्हा पिळणी होत नाही व सकाळी होते, असा अनुभव आला तर यंत्र उघडण्याचे कारण नाही. तसेच निचऱ्याची नळी वर उचललेली राहिल्यास पिळणीच्या टबात पाणी साठून पिंपाचा तळ त्यात बुडतो आणि मोटर मंदावते. दोन्ही प्रसंगी असमर्थता आहे खरी. परंतु तिचे कारण यंत्राच्या बाहेर आहे.

६. परीक्षांचा क्रम

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संभाव्य कारणे अनेक असता परीक्षा कोणत्या क्रमाने करावी? ‘जे कारण सर्वांत संभाव्य ते आधी’ हे उत्तर सकृद्दर्शनी बरोबर वाटते. पण ते अपुरे आहे. कल्पनेने एक उदाहरण घेऊ. दोनच कारणे शक्य आहेत. पहिल्याची संभाव्यता ०.४ व परीक्षेस लागणारा वेळ ५ मिनिटे, दुसऱ्याची संभाव्यता ०.६ व वेळ ४० मिनिटे. दोष प्रत्यक्ष सापडेपर्यंत परीक्षा करावयाची असे ठरविल्यास, पहिली परीक्षा आधी केली असता अपेक्षित वेळ ५ अधिक ४० च्या ०.६ पट, म्हणजे २९ मिनिटे येतो. क्रम उलटा केल्यास तो ४० अधिक ५ च्या ०.४ पट, म्हणजे ४२ मिनिटे होतो. कमी संभाव्य कारण आधी तपासणेच येथे हिताचे ठरते.

सामान्य नियम असा निघतो की, संभाव्यतेस परीक्षेच्या खर्चाने भागून येणारी संख्या ज्या कारणाची मोठी, ते आधी तपासावे. लगतच्या कोणत्याही दोन परीक्षांची अदलाबदल करून पाहिली असता याची सिद्धता सहज मिळते. ती विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. यंत्राची माहिती जसजशी वाढते तसतशा संभाव्यता बदलतात. म्हणून प्रत्येक परीक्षेनंतर क्रमाचा पुनर्विचार करावा.

या नियमानुसार क्रम असा येतो. प्रथम यंत्र ऐकावे व फलकावरील संकेत पाहावा. नंतर विजेचा दाब, निचऱ्याची नळी, दार किंवा झाकण आणि भाराची वाटणी पाहावी. त्यानंतर फिल्टर साफ करावा. येथवर यंत्राचा एकही स्क्रू काढावा लागत नाही, आणि नकाराची बहुतेक कारणे येथेच संपतात. पुढे मागील पत्रा उघडून पट्टा, रोधक व तार यांचे निरीक्षण, नंतर धारित्राचे मापन, मग कळा व गुंडाळ्या यांची अखंडता तपासणे, आणि सर्वांत शेवटी बेअरिंग व नियंत्रक मंडल. नियंत्रक मंडल महाग असल्यामुळे केवळ अनुमानाने ते कधीही बदलू नये. इतर सर्व कारणे वगळली गेल्यावरच त्याचा विचार करावा.

७. सुरक्षिततेचा विचार

वरील सूत्रात ‘खर्च’ या शब्दात वेळ व पैसा यांखेरीज धोकाही अंतर्भूत मानला पाहिजे.

पहिली गोष्ट, पत्रा काढण्यापूर्वी प्लग भिंतीपासून अलग केलाच पाहिजे. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण सदोष जोडणीत बटण उदासीन तारेवर बसविलेले असू शकते.

दुसरी गोष्ट धारित्राची. सुस्थितीतील मोटरीत धारित्रावरील भार गुंडाळ्यांतून वाहून जातो. परंतु गुंडाळी किंवा जोडणी तुटली असेल तर तो तसाच राहतो. म्हणजे ज्या यंत्रात दोष आहे त्याच यंत्रात सुरक्षिततेचे हे गृहीतक ढासळते, आणि आपण उघडतो ते नेमके तसलेच यंत्र. ५ मायक्रोफॅरडच्या धारित्रावर ३२५ व्होल्ट असता साठलेली ऊर्जा पाव जूलच्या आसपास असते. ती सहसा प्राणघातक नसते. तथापि धक्क्याने हात झटकला जाऊन धारदार पत्र्यावर आपटतो. १० किलोओहमच्या रोधातून ते अर्ध्या सेकंदाच्या आत रिकामे होते. स्क्रूड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडण्याची रीत त्याज्य मानावी.

तिसरी गोष्ट भूयोजनाची. यंत्र ओल्या जागेत असते. म्हणून अर्थिंग पक्के असणे व मंडलात ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरक्षक साधन असणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. झाकणाची कळ बिघडली असता तिच्या दोन तारा एकमेकींस जोडून देणे हा दुरुस्तीचा सर्वांत झटपट मार्ग आहे. पिळणी त्याच क्षणी सुरू होते. परंतु त्यानंतर झाकण उघडे असतानाही पिंप फिरत राहते. अर्धस्वयंचलित यंत्रातील पिंपाच्या काठाचा वेग सेकंदाला सुमारे १६ मीटर असतो. अशा पिंपात लहान मुलाने हात घातला आणि फिरता कपडा बोटांभोवती गुंडाळला गेला, तर हात सोडवून घेण्यास अवधीच मिळत नाही. येथे दोष दूर झालेला नसतो. यंत्राची नकार देण्याची शक्ती तेवढी काढून घेतलेली असते. दुरुस्ती व असे निःशस्त्रीकरण यांतील भेद प्रत्येक अभियंत्याने मनात ठसवून ठेवला पाहिजे.

८. समारोप

सारांश, पिळणी थांबणे हे निदान नसून लक्षण आहे. त्यामागे यंत्राचा नकार आहे की असमर्थता, हा प्रश्न प्रथम सोडवावा. नकार असेल तर कोणती अट अपुरी राहिली ते शोधावे. अट रद्द करू नये. असमर्थता असेल तर कारण यंत्राच्या आत आहे की बाहेर ते पाहावे, आणि परीक्षांचा क्रम संभाव्यता, खर्च व धोका यांचा एकत्र विचार करून ठरवावा. संवेदकाचे म्हणणे व वस्तुस्थिती यांत फरक असू शकतो, आणि परीक्षा करण्याच्या कृतीनेच स्थिती बदलू शकते, या दोन गोष्टींचे भान शेवटपर्यंत सुटू देऊ नये. हे नियम धुलाईयंत्राच्या निमित्ताने सांगितले असले, तरी पंपाला, पंख्याला किंवा प्रयोगशाळेतील केंद्रोत्सारकालाही ते तितकेच लागू आहेत. पदव्युत्तर वर्गाच्या प्रात्यक्षिकांत एखादे मोडीत निघालेले अर्धस्वयंचलित यंत्र आणून त्यावर दोषनिदानाचा पाठ बसविल्यास, अल्प खर्चात विद्यार्थ्यांस या अनुमानपद्धतीचा प्रत्यक्ष परिचय होईल.